चष्मा काढू नका, बाई

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. हातात वेळ आहे, बाजूला काढलेले चाळीस हजार रुपये आहेत आणि एक जुनी हौस आहे, ती म्हणजे चांगला कॅमेरा. हलशीची देवळं, पावसाळ्यातली मलप्रभा, अंगणातल्या जांभळीवर येणारे धनेश हे सगळं नीट टिपायचं आहे. मुलगा म्हणतो, मोबाईल आहे की. पण मला डोळा लावून फोटो काढायचा आहे.

अडचण डोळ्यांचीच. दोन्ही डोळ्यांना उणे पावणेचारचा नंबर आहे, उजव्याला सव्वाचं सिलिंडर (उभ्या-आडव्या रेषा सारख्याच स्पष्ट न दिसण्याचा नंबर), आणि वाचायला म्हणून बायफोकल. बेळगावात एका दुकानात दोन-तीन डिजिटल एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे, डोळ्याला लावून पाहिले. एकातही चित्राचे चारही कोपरे एकदम दिसेनात. खालचे हिरवे आकडे बघायला मान वर-खाली करावी लागायची. दुकानातला मुलगा म्हणाला, "चष्मा काढून बघा की काकू, ते चाक फिरवलं की दिसतं." काढला. चाक टोकापर्यंत फिरवलं तरी धूसरच, आणि चष्मा कुठं ठेवला तेही दिसेना. शेवटी त्यानंच शोधून दिला. घरी आल्यावर सून म्हणाली, "एवढं काय बघुलाय त्या भोकातनं?" चष्मेवाल्यांसाठी हे कॅमेरे नसतातच का? असतील तर कोणता घ्यावा?

— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, पत्र वाचून आधी हसलो आणि मग जरा गप्प झालो. चौथीत असताना गुरुजींनी फळ्यावरचं वाचायला सांगितलं आणि मी फळ्याला नाक लावलं, तेव्हापासून माझ्या नाकावर चष्मा आहे. आज उणे पाच आणि एकचं सिलिंडर. शहापुरात तीस वर्षं स्टुडिओ चालवला तो याच डोळ्यांवर. तेव्हा चष्मेवाल्यांसाठी कॅमेरे असतात का, याचं उत्तर असतात असंच आहे. फक्त निवडताना कागदावरचा एक आकडा पाहायचा असतो, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. मेगापिक्सेल मात्र सगळे सांगतात.

त्या आकड्याला आय पॉइंट म्हणतात, आणि तो मिलिमीटरमध्ये असतो. दाराच्या फटीला डोळा लावून बाहेर पाहिलं की अख्खं अंगण दिसतं. तेच दोन बोटं मागं सरून पाहिलं तर तुळस तेवढी दिसते, गोठा जातो. व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावायच्या खिडकीचंही तसंच. आयपीसच्या, म्हणजे त्या खिडकीच्या डोळ्याकडच्या काचेपासून डोळा किती मागं असला तरी चारही कोपरे एकदम दिसतील, ते अंतर म्हणजे आय पॉइंट. चष्मा नसलेला माणूस डोळा पार आत खुपसतो, त्याला हा आकडा माहीत नसला तरी बिघडत नाही. आपल्या डोळ्यापुढं आधीच चष्मा असतो.

हिशेब करून बघा. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढं असते. काचेची स्वतःची जाडी दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे १४ ते १७ मिलिमीटर इथंच गेले. वर आयपीसभोवतीची रबरी कड काचेच्या पुढं आलेली असते, आणि चष्मा टेकतो तो त्या कडेला, काचेला नाही. निकॉन डी५६०० चा आय पॉइंट १७ आहे, डी३५०० चा १८. आता तुमचे कोपरे कुठं गेले ते कळलं असेल. डोळे तुमचे ठीक आहेत, गणित जुळत नव्हतं.

तेच कॅनन १५००डी ला हा आकडा २१ आहे, २००डी मार्क टू ला १९, आणि ८०डी, ९०डी या मोठ्या कॅमेऱ्यांना २२. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे काय ते, असं वाटेल. चष्मेवाल्याला तेवढ्यात फोटोचा कोपरा मिळतो किंवा जातो.

मग १५००डी घ्या आणि मोकळे व्हा, असं सांगून उत्तर संपवता आलं असतं. पण लहान कॅमेऱ्यात एक हात वाढवला की दुसरा आखडतो. १५००डी चं चित्र दिसतं लहान, मॅग्निफिकेशन ०.८० पट. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी कोणी टीव्ही लावून ठेवलाय असं वाटतं. २००डी मार्क टू चं ०.८७ पट, थोडं मोठं. ८०डी चं ०.९५ पट, शिवाय आत आरशांऐवजी भरीव काचेचा प्रिझम, त्यामुळं उजेडही जास्त. तिन्ही गोष्टी त्यात आहेत, पण वजन बॅटरीसकट ७३० ग्रॅम. २००डी मार्क टू ४४९ ग्रॅमचा. लेन्सचं वजन निराळं. हलशीच्या देवळात तासभर फिरून मनगट काय म्हणतं, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

या लहान कॅमेऱ्यांची आणखी एक खोड आहे. व्ह्यूफाइंडरात दिसतं ते फोटोच्या ९५ टक्केच. म्हणजे फोटोत कडेला थोडं जास्तच येतं. भूवराह नरसिंहाच्या देवळाची चौकट तुम्ही अगदी मापात बसवाल आणि घरी येऊन बघाल तर कडेला कुणाची तरी प्लास्टिकची चप्पल. माझ्या लग्नाच्या अल्बमांत अशा चपला किती निघाल्या असतील, मोजल्या नाहीत. ८०डी, ९०डी आणि निकॉन डी७५०० यांत शंभर टक्के दिसतं. तसं पाहिलं तर हा दोष कोपरे न दिसण्यापेक्षा बरा. जास्तीचं आलेलं कापता येतं.

आता त्या दुकानातल्या मुलाच्या सल्ल्याकडं येतो. बिचाऱ्याचं चुकलं असं नाही, पण त्याला चष्मा नसावा.

ते चाक डायॉप्टरचं, म्हणजे नंबर जुळवायचं. त्याचा फोटोशी काही संबंध नाही, तुम्हाला आतलं चित्र कसं दिसतं एवढंच ते बदलतं. निकॉनच्या लहान कॅमेऱ्यांत ते उणे १.७ ते अधिक ०.५ इतकंच फिरतं, १५००डी मध्ये उणे २.५ ते अधिक ०.५, २००डी मार्क टू मध्ये उणे ३ ते अधिक १. तुमचा नंबर पावणेचार. चष्मा काढल्यावर तुम्हाला स्वच्छ दिसतं ते सत्तावीस-एक सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे वही हातात धरून वाचतो तेवढ्यावर. चाक उणे ३ वर नेलं की आतलं चित्र जणू तेहतीस सेंटीमीटरवर येतं. थोडक्यात हुकतं. निकॉनच्या उणे १.७ वर ते साठ सेंटीमीटरजवळ राहतं, मग धूसर दिसणारच. आणि नंबर बसला असता तरी तुमचं सव्वाचं सिलिंडर तसंच राहिलं असतं. चाक सिलिंडर काढू शकत नाही. देवळाच्या पायऱ्या स्पष्ट आणि खांब फिक्के, किंवा उलट, असं काहीतरी दिसत राहतं.

आयपीसवर चढवायचे जादा नंबरचे भिंगही मिळतात. निकॉनचे डीके-२०सी म्हणून उणे ५ ते अधिक ३ पर्यंतचे होते. मी एक वर्षभर वापरून पाहिला. आतलं चित्र सुरेख. पण कॅमेरा खाली घेतला की समोरचा नवरदेव कोण आणि सासरा कोण ते कळेना. चष्मा घाल, काढ, शर्टाच्या खिशात ठेव, वाकताना पाड. दोन चष्मे मोडले आणि ते भिंग मी एका मित्राला देऊन टाकलं. शिवाय तुमच्या नातवानं हौसेनं कॅमेरा डोळ्याला लावला तर त्याला काहीच दिसणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : चष्मा काढू नका, बाई. चष्म्यासकट जमेल असा कॅमेरा घ्या.

मग ते चाक आपल्या उपयोगाचं नाही असं मात्र समजू नका. उलट तुमच्यासारख्या बायफोकलवाल्यांना ते नीट लावणं जास्त गरजेचं. व्ह्यूफाइंडरातलं चित्र आतून काही सेंटीमीटरवर दिसत नाही, ते साधारण मीटरभर लांब असल्यासारखं दिसावं अशी भिंगं बसवलेली असतात. साठीतल्या डोळ्याला लांबच्या काचेतून मीटरभरावरचं थोडं ताणूनच दिसतं, कारण डोळ्यातलं भिंग आता पूर्वीसारखं फुगत नाही. तेव्हा चाक शून्याकडं, अधिकच्या बाजूला थोडं सरकवायचं आणि चष्म्याच्या वरच्या, लांबच्या भागातून बघायचं. खालच्या वाचायच्या भागातून आत पाहू नका, मान दुखेल आणि चित्रही लागणार नाही. ती खालची चंद्रकोर मागचा पडदा बघायला ठेवा. किंवा पडदा बघताना सरळ चष्मा कपाळावर सरकवा. तुमच्या नंबराला वीतभरावरचा पडदा उघड्या डोळ्यांनीच उत्तम दिसेल. आम्हा जवळच्या नंबरवाल्यांना म्हातारपणी मिळालेली ही एवढीच सवलत.

चाक लावताना समोरच्या देखाव्याकडं पाहून लावू नका. पांढऱ्या भिंतीकडं कॅमेरा धरा, बटण अर्धं दाबा म्हणजे आकडे उजळतील, आणि ते आकडे व मधले काळे चौकोन कातरल्यासारखे दिसेपर्यंत चाक फिरवा. झालं. वर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

चिकटपट्टीचं का सांगतो, तेही ऐका. २००९ साली मी पहिला डिजिटल एसएलआर घेतला, निकॉन डी९०. त्या वर्षीची शिवजयंती. बेळगावची शिवजयंती म्हणजे वैशाखातली, आणि चित्ररथ रात्रभर चालणारे, हे तुम्हाला सांगायला नको. मारुती गल्लीच्या तोंडाशी मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सगळं पाण्यातून बघावं तसं. वाटलं, गर्दीत लेन्सला धक्का बसला. दुसरी लावली, तीच गत. ढोल कानाशी, मावळे पोरं रथावर तलवारी नाचवतायत, आणि मी पोटात गोळा घेऊन आंधळ्यासारखा बटण दाबतोय. मागच्या पडद्यावर बघितलं तर बरं दिसायचं, पण त्या इवल्या पडद्यावर सगळंच बरं दिसतं, म्हणून विश्वास बसेना. सकाळी कॅमेरा एका कारागिराकडं टाकला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला, आत साफ केलं म्हणाला, पैसे घेतले. कॅमेरा परत आला तो तसाच धूसर. घरी मुलीनं हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, हे चाक असं टोकाला का आहे?" पिशवीत घासून फिरलं होतं. रात्रीचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडले, एकूण एक स्पष्ट. फोकस कॅमेऱ्यानं स्वतः बरोबर धरला होता, दिसत नव्हतं ते मलाच.

आता कोणता घ्यावा. चाळीस हजारांत नव्याचा हट्ट सोडला तर २००डी मार्क टू वापरलेला, किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती लेन्स), शोधा असं मी म्हणेन. आय पॉइंट १९ म्हणजे काठावर पास आहे, हे खरं. पण त्याचा मागचा पडदा बाहेर उघडून कसाही वळतो, बोटानं चालतो, आणि पडद्यावर बघून फोटो काढताना त्याचा फोकस भराभर लागतो. १५००डी, डी३५०० यांचा पडद्यावरचा फोकस चाचपडत लागतो. गाभाऱ्यासमोर खाली बसायचं, गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा पडदा वर वळवून पोटाशी कॅमेरा धरता येतो. डोळा लावूनच काढायची तुमची हौस मला समजते, पण गुडघ्यांचंही ऐकावं लागतं. १९ मध्ये तुमच्या चष्म्याला कोपरे नाहीच दिसले तर १५००डी. तो हळू आहे, लहान दिसतो, पण सगळं दिसतं. कॅननचाच ३०००डी कोणी स्वस्तात गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. त्याला डायॉप्टरचं चाकच नाही.

निकॉनबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या डी३५००, डी५६०० मध्ये मेनू मराठीत करता येतो. आपल्याकडं पाट्यांवरून काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि इथं जपानी कंपनीनं कोणी न मागता मराठी देऊन ठेवलीय. फक्त ती मराठी वाचून समजायला मला दोन वेळा इंग्रजी करून बघावं लागलं, ते सोडा. आकडा १७-१८ असल्यानं मी तुम्हाला ते सुचवत नाही, आणि कंपनीनं हे दोन्ही आता बंद केलेत.

मुलगा मिररलेस घ्या असंही म्हणेल. त्यात आरसा नसतो, डोळ्याजवळ छोटा पडदाच असतो. चष्मेवाल्याला त्याचा खरा फायदा म्हणजे काढलेला फोटो तिथल्या तिथं, डोळा न काढता आतच बघता येतो, चष्मा वर-खाली करावा लागत नाही. पुढच्या काळात सगळं तिकडंच चाललंय. पण चाळीस हजारांत व्ह्यूफाइंडरवाला चांगला मिररलेस आणि लेन्स दोन्ही बसवणं ओढाताणीचं होईल. काही स्वस्त मिररलेसना व्ह्यूफाइंडरच नसतो. तो घेतलात तर मोबाईलच काय वाईट होता, असं मुलगा म्हणेल, आणि ते खरं असेल.

जुना घेताना दोन गोष्टी बघा. शटर किती वेळा पडलंय तो आकडा विचारा. आणि लेन्स काढून मोबाईलची बत्ती आरपार मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तुमच्या खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात चार महिने कपाटात ठेवलेली लेन्स हमखास बुरशी धरते. घेतल्यावर तुम्हीही कातडी पिशवीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे. पुड्या अधूनमधून बदला.

आणि डोळ्याला लावल्याशिवाय घेऊ नका, मग तो नेटवर कितीही स्वस्त दिसो. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, जिथं हातात मिळेल तिथं जा. रोजचा चष्मा घालून जा, ठेवणीतला नको. दुकानाच्या भिंतीवरचं कॅलेंडर निवडा, त्याचे चार कोपरे व्ह्यूफाइंडरच्या चार कोपऱ्यांत बसवा. डोकं न हलवता चारही कोपरे आणि खालची आकड्यांची पट्टी दिसते का? मग कॅमेरा उभा धरून पुन्हा. दुकानदार घाई करेल, करू द्या. तुम्ही वर्ग सांभाळलेत, तो तर एकटाच आहे.

नवा चष्मा करायची वेळ आली तर नाकावरच्या पॅडची, लहान काचेची फ्रेम घ्या आणि चष्मेवाल्याला पॅड आत दाबून काच डोळ्याच्या होईल तेवढी जवळ बसवायला सांगा. पापण्या लागू नयेत एवढंच. इथं मिळालेला एक मिलिमीटर फुकटचा असतो.

धनेशांचं राहिलं. किट लेन्सनं जांभूळ येईल, धनेश ठिपक्याएवढा. त्याला ५५-२५० सारखी, लांबचं जवळ आणणारी लेन्स लागेल. पुढच्या वर्षी घ्या, जांभूळ कुठं जात नाही.

प्रश्न : मी निपाणीचा, लग्नाच्या ऑर्डरीत मदतनीस म्हणून जातो, आता स्वतःचा कॅमेरा घेतलाय. सहा महिन्यांत चष्म्याच्या उजव्या काचेवर मधोमध चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला. पावसाळ्यात तर काच आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही धुकटतात. काय करू?

उत्तर : ती चंद्रकोर मी लांबूनही ओळखतो. फिल्मच्या जमान्यात आयपीसची कडा धातूची असायची, माझ्या काचांवर अशा दोन-दोन असायच्या. आता कडा रबराची असते. तरी ओरखडा उमटतोय म्हणजे रबर निघून पडलंय, किंवा त्यावर धूळ बसलीय. रबर काढून बघ, फाटलं असेल तर नवं घे, फार महाग नसतं. बसवताना तुझ्याच मॉडेलचं घे. मोठं, डोळ्याभोवती वाटीसारखं बसणारं रबर चष्मा नसलेल्यांसाठी असतं. ते लावलंस तर डोळा आणखी मागं जाईल आणि कोपरे गमावशील.

धूळ मात्र जपून. निपाणीत तंबाखूच्या हंगामात हवेत काय काय उडतं ते तुला माहीत, आणि आमच्याकडची तांबडी माती तर काचकागदच. प्लास्टिकच्या काचेवर ती सुकी घासली की झालंच. शर्टाच्या टोकानं पुसायचं सोड. आधी रबरी फुग्यानं फुंकर, मग मऊ कापड. तोंडानं फुंकलंस तर थुंकी उडते.

धुकं येतं ते तुझ्याच श्वासाचं. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर नाकातून सोडलेली वाफ वर, चष्म्याकडं जाते. बटण दाबायच्या आधी श्वास तोंडानं, खालच्या दिशेनं सोड. हातही स्थिर राहतो, हा वरकड फायदा. एसी हॉलमधून बाहेर पावसात येताना कॅमेरा लगेच उघडू नकोस, पिशवीत दहा-पंधरा मिनिटं राहू दे.

आणि तू लिहिलं नाहीस, पण नवी काच घेणारच आहेस म्हणून सांगतो. उन्हात काळा होणारा चष्मा घेऊ नकोस. अंगणातल्या हळदीचे फोटो काढून मांडवात शिरलास की काही वेळ आत अंधारच दिसेल. पोलराइज्ड गॉगलही कामावर नको. कॅमेरा फिरवून धरला की बऱ्याचदा मागचा पडदा काळा पडतो आणि माणूस उगाच बॅटरी बदलत बसतो.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहते, कॉलेजात आहे. माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी आहे, चष्मा लावूनही त्यानं कमी दिसतं. सगळे उजव्या डोळ्यानं फोटो काढताना दिसतात. मी डाव्यानं काढला तर चालेल का? कॅमेरा मिररलेस आहे.

उत्तर : खुशाल काढ. चांगला दिसतो तोच डोळा. उजव्याच डोळ्यानं बघायचं असा काही नियम नाही, फक्त कॅमेऱ्यांची ठेवण उजव्या डोळ्याच्या माणसाला सोयीची असते. डाव्या डोळ्यानं पाहिलं की नाक पडद्यावर टेकतं आणि अंगठ्याला जागा कमी उरते. चष्मा असल्यानं तुझं नाक जरा मागं राहील, तेवढं बरंच.

पण टच स्क्रीन असेल तर एक गंमत होते. डोळा आत असताना पडद्यावर बोट फिरवून फोकसचा चौकोन हलवायची सोय काही कॅमेऱ्यांत असते, आणि कॅमेऱ्याला तुझं नाक बोटच वाटतं. माझ्याकडं शिकायला येणारी एक मुलगी महिनाभर तक्रार करत होती की फोकस आपोआप कोपऱ्यात पळतो. मेनूत जाऊन ती सोय बंद कर. कॅमेऱ्याचा पडदा उलटा वळत असेल तर तो आत मिटूनच टाक, म्हणजे नाकाचा डागही पडणार नाही.